लेक्चर बंद केलं त्या वर्षाची गोष्ट

माझं लेक्चर ऐकायला दुसऱ्या सेक्शनची मुलं येऊन बसायची. हे माझं मलाच सांगावं लागतंय, कारण ती मुलं आता कुठेकुठे पुलांच्या आणि मेट्रोच्या साइटवर उन्हात उभी आहेत आणि दिवाळी अंकात लिहायला त्यांना सवड नाही. गाझियाबादच्या एका खासगी विद्यापीठात मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स’ शिकवत असे. एखाद्या तुळईवर, खांबावर किंवा स्लॅबवर ओझं आलं की ती वस्तू कुठे ताणली जाते, कुठे दाबली जाते, किती वाकते आणि कधी तुटते, याचा हा विषय. इमारती याच विषयावर उभ्या राहतात आणि मुलं याच विषयात सगळ्यांत जास्त नापास होतात.

मी मूळची नगरची. लग्न होऊन दिल्लीला आले, कारण आनंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची नोकरी केंद्र सरकारात. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार झाला. एका बाजूला ओडिशाचे शेजारी, दुसऱ्या बाजूला केरळचे, आणि जिन्यात सगळ्यांची मिळून एक हिंदी. सकाळी जवळच्या आयएनए मार्केटच्या कोपऱ्यावर विद्यापीठाची बस पकडायची, यमुना ओलांडायची आणि बसमध्येच डोळे मिटून त्या दिवसाचं लेक्चर मनात एकदा म्हणून घ्यायचं, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, विनोद कुठे टाकायचा, सगळं ठरलेलं असायचं. फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी मी वाकलेली तुळई अशी काढायची की मुलं फोनवर तिचे फोटो घेत. सेमिस्टरच्या शेवटच्या तासाला टाळ्या वाजत. मला त्या आवडत.

मग एका वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. रोहतककडचे, वयस्कर, कमी बोलणारे. माझ्या वर्गात पहिली येणारी मुलगी समोर बसली होती. तिने दोन व्याख्या धडाधड सांगितल्या. परीक्षकांनी खिडकीतून समोरच्या हॉस्टेलकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “वो बालकनी देख रही हो बेटा? उसमें सरिया ऊपर डालेंगे या नीचे?”

“नीचे, सर,” ती म्हणाली. अजिबात न अडखळता.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. काँक्रीट दाब छान सोसतं, पण ताण सोसत नाही. म्हणून जिथे ताण येणार तिथे लोखंडी सळ्या, म्हणजे हिंदीतलं सरिया, घालतात. दोन्ही टोकांना टेकू असलेली तुळई मध्ये खाली झुकते, तिचा खालचा भाग ताणला जातो, म्हणून तिथे सळ्या खाली. बाल्कनी मात्र एकाच बाजूने भिंतीला धरलेली असते. तिचं मोकळं टोक खाली जाऊ पाहतं आणि ताण येतो वरच्या बाजूला. तिथे सळ्या खाली घातल्या तर ती बाल्कनी पडते. कधी लगेच, कधी लग्नाची वरात बघायला सगळं घर तिच्यावर उभं राहिल्यावर.

परीक्षकांनी मग प्रत्येकालाच तो प्रश्न विचारला. बहुतेकांनी खाली म्हटलं. दोघांनी सावधपणे दोन्हीकडे म्हटलं. बरोबर उत्तर देणारे थोडे होते आणि त्यांतल्याही काहींना का ते सांगता येईना. नेमकी हीच आकृती मी फळ्यावर दोन रंगांत काढली होती. सगळ्यांच्या वहीत ती होती. चहा पिताना परीक्षक मला म्हणाले, “बच्चे अच्छे हैं, मॅडम. मेहनती हैं.” बाल्कनीविषयी ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यातल्या रविवारी चर्चहून आलो, तर माझी मुलगी केतकी कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसली होती. ती तेव्हा दिल्लीतल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. पडद्यावर कुणी एक प्राध्यापक फळ्यावर लिहीत होते.

“तुमचे सर का?” मी विचारलं.

“नाही गं. हे साउथचे कुणी सर आहेत. सरकारी ऑनलाइन कोर्स आहे, फ्री असतो. आमच्या सरांचं क्लासमध्ये मी फक्त उतरवून घेते. समजतं ते इथे. अटकलं की मागे घेते.”

“मग कॉलेजात कशाला जातेस?”

“अटेंडन्स, यार आई.”

केतकी दिल्लीत वाढली. तिच्या मराठीत तुळई नाही, ‘बीम झुकते’ आहे, आणि अडकलं नाही, ‘अटकलं’ आहे. पण तिचं म्हणणं मला स्वच्छ समजलं. तिचे सर वर्गात जे करत होते, तेच मी करत होते. फक्त मी ते जास्त रंगवून करत होते.

मी माझ्या विषयाचे ऑनलाइन कोर्स शोधू लागले. एक सापडला, तोही दक्षिणेकडच्या एका वयस्कर प्राध्यापकांचाच. गृहस्थ सावकाश बोलत, एक गोष्ट सांगून झाली की क्षणभर थांबत आणि मग पुढे जात. मी सगळा कोर्स पाहिला. आनंद शेजारी बसून दोन-तीन व्हिडिओ बघून म्हणाला, “तुझ्याइतके नाही हं हे चांगले.” नवऱ्याला तसं म्हणावंच लागतं. पण दोन ठिकाणी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगत होते हे मला कळलं होतं, आणि त्याने मला दिवसभर चैन पडलं नव्हतं.

मी ठरवलं ते असं. सांगण्याचा भाग मुलांनी घरी व्हिडिओवर ऐकून यायचा. आणि जे ती आजवर घरी एकटी करत होती, म्हणजे गणितं सोडवणं, अडकणं, कंटाळून मित्राचं उतरवून काढणं, ते वर्गात करायचं, चौघाचौघांच्या गटात, माझ्यासमोर. बाहेरच्या जगात या पद्धतीला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. आमच्या डिपार्टमेंटात तिचं नाव ‘उलटी क्लास’ पडलं. हिंदीत उलटीचा दुसरा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत होतं आणि नाव ठेवणाऱ्याला तर नक्कीच.

आमचे विभागप्रमुख भटनागर सर सज्जन आणि सावध. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कर लीजिए. बस, शोर मत होने दीजिए.” मी हो म्हटलं. ते पाळणं शक्य नव्हतं.

नव्या वर्षाची मुलं आली. पहिल्या तासाला मी गाझियाबादच्या एका गादीवाल्याकडून फोमच्या लांब पट्ट्या कापून आणल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर मार्करने आडव्या समांतर रेघा मारलेल्या. पट्टी वाकवली की ज्या बाजूच्या रेघा फाकतात तिथे ताण, जिथे जवळ येतात तिथे दाब. डोळ्यांना दिसतं. मी विचारलं, “व्हिडिओ किसने देखा?” सगळे हात वर. व्हिडिओतला एक साधा प्रश्न विचारला. हात हळूहळू खाली आले. बाकीचा वेळ मुलं वही उघडून, पेनाचं टोपण काढून, मी कधी सुरू करते याची वाट बघत बसली. मी सुरूच केलं नाही. तो तास माझ्या नोकरीतला सगळ्यांत लांब तास होता.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. दारातच एक छोटा प्रश्न कागदावर सोडवून मग आत यायचं असा नियम मी केला, तेव्हा व्हिडिओ बघणारे वाढले. पण रागही वाढला. मुलांचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. ती शाळेपासून ऐकायला शिकली होती. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. गणित समोर ठेवलं की आपल्याला काय येत नाही ते दिसतं आणि तेही शेजारच्यासमोर. ते कुणाला आवडेल?

या रागाला आवाज दिला ईशान त्यागीने. गाझियाबादचाच मुलगा, हुशार, पहिल्या बाकावरचा, अक्षर मोत्यासारखं. त्याने सरळ माझ्याकडे येऊन सांगितलं, “मॅडम, सिनिअर्स बोलते थे आप बहुत अच्छा पढाती हैं. हमें वही चाहिए.” पाठीमागून बोलला नाही, हे मला आवडलं. आठवड्याने अर्ज भटनागर सरांकडे गेला. मॅडम पढाती नहीं, घर का काम क्लास में कराती हैं, असा त्याचा मथितार्थ. निम्म्या वर्गाच्या सह्या होत्या.

भटनागर सरांनी मला बोलावून तो अर्ज टेबलावर ठेवला. बोलणं हिंदीत झालं, इथे मराठीत देते.

“साळवे मॅडम, तुमच्यावर आजपर्यंत एक तक्रार नव्हती.”

“म्हणूनच तर,” मी म्हटलं. “मी छान बोलत होते. तक्रार कशाची करणार?”

“हे तुम्हाला पटतं. डायरेक्टरांना मी काय सांगू?”

शेवटी ठरलं की मिडटर्म परीक्षेपर्यंत थांबायचं. पेपर दोन्ही सेक्शनना एकच, आणि तो दुसऱ्या सेक्शनच्या सरांनी काढायचा. माझ्या वर्गाचा निकाल घसरला तर लेक्चर पुन्हा सुरू, आणि पुढच्या वर्षापासून हा विषय माझ्याकडे राहणार नाही. सर हे मवाळ शब्दांत म्हणाले, पण म्हणाले. दुसरा कुठला विषय शिकवायचा विचारही मी कधी केला नव्हता.

त्याच सुमारास शिल्पी सैनीने मला अडचणीत टाकलं. हापूडची मुलगी, रोज लोकल गाडीने यायची, शेवटच्या बाकावर बसायची. दारातला प्रश्न ती रोज कोरा द्यायची. मला वाटलं, आळस. एक दिवस तिला तासानंतर थांबवलं.

“व्हिडिओ क्यों नहीं देखती?”

ती म्हणाली, “मॅडम, घर में एक ही स्मार्टफोन है. भैया का. वो डिलिव्हरी का काम करता है, तो फोन उसके साथ जाता है.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांच्या हातात फोन दिसतो म्हणून सगळ्यांकडे तो आहे असं मी धरून चालले होते. ज्या मुलीला वर्गात निदान ऐकायला तरी मिळालं असतं, तिचं तेही मी काढून घेतलं होतं. आमच्या कॉम्प्युटर लॅबची किल्ली नेगीजींकडे असे. त्यांना म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत लॅब उघडी ठेवाल का? ते म्हणाले, “मैं वैसे भी वहीं खाना खाता हूँ, मॅडम.” मग पेन ड्राइव्हवर व्हिडिओ आले आणि शिल्पी तिथे बसू लागली.

काही दिवसांनी डोकावले, तर तिच्याभोवती सातआठ जण होते. कुणाचा डेटा संपलेला, कुणाला घरी जागा नाही, कुणाला एकट्याने कंटाळा येतो. माऊस शिल्पीच्या हातात होता. व्हिडिओतले प्राध्यापक बोलत होते आणि शिल्पी मध्येच त्यांना थांबवत होती. “रुको. ये कहाँ से आया?” मग सगळे मिळून भांडत, मागे नेत, पुन्हा बघत. वर्गात मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. पडद्यावरच्या माणसाला थांबवायला तिला संकोच वाटत नव्हता. हळूहळू वर्गातल्या मुलांना थांबवायलाही वाटेनासा झाला. गटात कुणी भराभर लिहून मोकळं झालं की ती विचारी, “अच्छा, पर क्यों?” तिच्या गटातल्या मुलांना ती फार आवडायची असं नाही.

तिच्या गटात ईशान होता.

मिडटर्मच्या थोडं आधी ईशानचे वडील भेटायला आले. त्यागीजी वीज खात्यात इंजिनिअर, उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. “मॅडम, मैं भी इंजिनिअर हूँ. हम तो लेक्चर सुनके ही इंजिनिअर बने. बच्चे को अगर मोबाइल से ही पढना है तो घर पे पढ ले.”

मी म्हटलं, “आत्ता तास आहे. तुम्ही मागे बसता का?”

ते बसले. त्या दिवशी गटांपुढे प्रश्न होता तीन टेकूंवर ठेवलेल्या लांब स्लॅबचा. दोन टोकांना दोन भिंती, मध्ये एक. सळ्या कुठे कुठे घालाल? ईशानने पट्टीने सुरेख आकृती काढली आणि खालच्या बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढली. सगळ्या सळ्या खाली.

शिल्पी म्हणाली, “बीचवाली दीवार के ऊपर भी नीचे?”

“हाँ. स्लॅब नीचे झुकता है ना. टेन्शन नीचे.”

“दीवार के ऊपर नीचे कैसे झुकेगा? वहाँ तो दीवार है.”

“यार, फॉर्म्युला देख.”

“फॉर्म्युला दो सपोर्ट का है. यहाँ तीन हैं.”

मी शेजारी उभी होते. तोंडात आलेलं वाक्य गिळणं किती कठीण असतं हे शिक्षकालाच माहीत. आजवर अशा वेळी मी खडू उचलला होता. मी हात मागे बांधले. शिल्पीने पाण्याच्या तीन बाटल्या ओळीत ठेवल्या, त्यांवर फोमची पट्टी टाकली, एकाला टोकं धरायला सांगितली आणि दोन बाटल्यांच्या मधल्या भागांवर दोन्ही हातांनी दाबलं. दोन्हीकडे पट्टी खाली गेली. मधल्या बाटलीवर मात्र ती उंटाच्या पाठीसारखी वर आली आणि तिथल्या वरच्या रेघा फाकल्या.

ईशान बघत राहिला. त्याचे वडील मागच्या बाकावरून थोडे उठून बघत होते, हे त्याला दिसत होतं. तो लगेच काहीतरी बोलून वेळ मारून नेईल असं मला वाटलं. तो म्हणाला, “मेरी समझ में नहीं आया. फिर से कर.”

शिल्पीने पुन्हा केलं. मग तिने हात काढले आणि त्याने स्वतः दाबून पाहिलं. बराच वेळ. त्याने आकृतीतली मधल्या भिंतीवरची रेघ खोडली आणि वरून काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, मतलब बालकनी में तो पूरा ही ऊपर जाएगा ना?”

बाल्कनीचा विषय त्या दिवशी कुणी काढलाच नव्हता. मी फक्त “बिल्कुल” म्हटलं.

तासानंतर त्यागीजी कँटीनच्या बाहेर भेटले. चहाचा कप हातात होता, पण प्यालेला नव्हता. “मॅडम, ये लडका घर पे आज तक नहीं बोला कि मुझे समझ में नहीं आया,” ते म्हणाले. “पूछो तो बोलता है सब आता है. मैं भी ऐसा ही था.” मग ते म्हणाले, “वो व्हिडिओ का लिंक मुझे भी भेज दीजिएगा.” तक्रार मागे घेतो असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण ते पुन्हा भांडायला आले नाहीत. पुढे मध्येच कधीतरी त्यांचा मेसेज येई की अमुक व्हिडिओत सरांनी चिन्ह चुकवलं आहे का. एकदा खरंच चुकवलं होतं.

मिडटर्म झाली. निकाल काही डोळे दिपवणारा नव्हता. वरचे मार्क दुसऱ्या सेक्शनइतकेच होते, एखाददोन मुलांचे कमीच. पण नापास होणारे बरेच कमी झाले होते आणि जो प्रश्न पाठ करून येण्यासारखा नव्हता, तो माझ्या वर्गात जास्त जणांनी हाताळला होता, चुकतमाकत का होईना. भटनागर सरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून चष्मा पुसला. “ठीक है,” ते म्हणाले. “चलने दीजिए.” आणि मी दाराशी पोचल्यावर, “शोर थोडा कम.”

अशी ती पद्धत राहिली. निवृत्त होईपर्यंत मी तशीच शिकवत राहिले. दरवर्षी नव्या मुलांचा पहिला महिनाभर राग, मग सवय. एखाद्या वर्षी अर्ज आला नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटे.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. गटात बसून गटामागे लपणारी मुलं असतात. ती हसतमुखाने मान डोलावतात, दुसऱ्याच्या कागदाखाली आपलं नाव लिहितात आणि परीक्षेत सापडतात. लेक्चरच्या काळात ती निदान माझ्या डोळ्यांसमोर तरी असायची. अशी काही माझ्या हातून सुटली. त्यांच्यासाठी दुसरं काही करायला हवं होतं, ते काय, हे मला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही.

आणि मला लेक्चरची आठवण येत असे. खोटं कशाला बोलू? बसमध्ये डोळे मिटून म्हणायला आता काही नव्हतं. त्या वेळात मी खिडकीबाहेर बघू लागले. मेट्रोच्या पुलाचे अवजड तुकडे क्रेनने चढताना दिसत आणि मनात वाक्यं तयार होत. ती कुणाला सांगायची? घरी आनंदला सांगे. तो ऐकून घेई. सरकारी नोकरीत माणूस ऐकून घ्यायला शिकतो.

निवृत्तीच्या थोडं आधी विद्यापीठाने व्हिडिओ रेकॉर्ड करायची खोली बांधली. भिंतींना काळं कापड, मोठे दिवे, एक कॅमेरा. भटनागर सर तोवर डीन झाले होते. त्यांनी हसत मला सांगितलं की दुसऱ्यांचे व्हिडिओ खूप दाखवलेत, आता स्वतःचे करा, ते सगळ्यांसाठी खुले ठेवू. मी आनंदाने हुरळून गेले. पुन्हा लेक्चर देता येणार होतं. नवी साडी नेसले, दोन रंगांचे खडू घेतले.

दिवे लागले, मी सुरू केलं आणि पाच-सात मिनिटांत थांबले. कॅमेरा चालवणारा तरुण म्हणाला, “क्या हुआ, मॅडम? अच्छा तो जा रहा था.” मी फळ्याकडे वळून पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा थांबले. समोर कुणाच्या कपाळाला आठी पडत नव्हती. पुढे जायचं की थांबायचं ते कशावरून ठरवणार? इतकी वर्षं गटागटांतून हिंडून मला दुसरीच सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी शिल्पीला बोलावलं. ती तेव्हा आमच्याकडेच एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होती. म्हटलं, कॅमेऱ्याच्या मागे बस आणि जिथे अडेल तिथे विचार. ती म्हणाली, “मॅडम, मुझे तो अब ये सब आता है.” मी म्हटलं, जेव्हा येत नव्हतं तेव्हा काय विचारलं असतंस ते आठव. ते तिला पक्कं आठवत होतं. ती विचारत गेली. मी थांबत गेले, मागे जात गेले, एकदोनदा खोडूनही टाकलं. रेकॉर्डिंग संपल्यावर तो तरुण म्हणाला, “बीच बीच में जो ये सवाल हैं, एडिट में हटा दूँ? साफ हो जाएगा.” मी म्हटलं, राहू देत. सगळा कोर्स आम्ही तसाच केला. फळ्यासमोर मी दिसते, आणि न दिसणारी एक मुलगी मध्ये मध्ये ‘अच्छा, पर क्यों’ म्हणते.

आता मी निवृत्त आहे. आनंदही. क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादलाच फ्लॅट घेतला. केतकी म्हणते, आई, तू रिटायर होऊन कॉलेजच्या जवळ गेलीस, लोक दूर जातात. सकाळी चहाबरोबर मी त्या व्हिडिओंखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचते. बहुतेक वेळा परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेले आभार असतात. क्वचित शंका असतात, त्यांना मी उत्तर देते.

मागच्या महिन्यात एक टिप्पणी चक्क मराठीत होती. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात डिप्लोमा करणाऱ्या मुलीची. मॅडम मराठी आहेत हे माझ्या नावावरून तिने ओळखलं असावं. तिने लिहिलं होतं, “मॅडम, त्या मधे मधे प्रश्न विचारणाऱ्या ताईंना माझे धन्यवाद सांगा. आमच्या वर्गात मला हात वर करायची भीती वाटते. मला जे विचारायचं होतं तेच त्यांनी विचारलं.”

शिल्पी आता नोएडाला एका सल्लागार कंपनीत आहे. दुसऱ्यांनी काढलेले इमारतींचे नकाशे तपासायचं, म्हणजे दिवसभर प्रश्न विचारायचं काम. तिला संध्याकाळी फोन केला आणि ती टिप्पणी वाचून हिंदीत समजावून सांगितली.

“मॅडम, ये परभणी कहाँ है?” तिने विचारलं.

सांगितलं. दिल्लीहून थेट गाडी आहे का, तेही तिने विचारलं. मग ती म्हणाली, “उसको लिखिए कि अगलेवाले व्हिडिओ में मैंने एक और पूछा है. वो ज्यादा मुश्किल है. पहले खुद करके देखे, फिर व्हिडिओ चलाए.”

मी तसंच लिहिलं, मराठीत. मुलीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तिने करून पाहिलं होतं, उत्तर चुकलं होतं, आणि तिला अजून एक विचारायचं होतं.